उभ्या उभ्या सांगितलेलं

सर, मी बसून लिहिते आहे. हे आधीच सांगते, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतंत. बदलापूरच्या दवाखान्याचं शटर अर्धं खाली ओढलंय, दुपारचे तीन वाजलेत, बाहेरच्या बाकावर कोणी नाही. टेबलाशी खुर्ची ओढून घेतली आहे. तीच, जी तुम्ही उल्हासनगरला कॅम्प चारच्या फर्निचरवाल्याशी तासभर घासाघीस करून मला घेऊन दिली होती. वर म्हणाला होतात, "जनावरांच्या डॉक्टरला टेबल नसलं तरी चालतं. खुर्ची पाहिजे."

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. तुम्ही सरकारी दवाखान्यात किती वर्षं काढली, अंबरनाथला स्वतःचा दवाखाना कधी टाकला, किती जनावरं वाचवलीत, हे सगळं परवा शोकसभेच्या हॉलमध्ये सांगून झालं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला तुमची कुत्री, ठकी, कशी गेली ते सांगायचं आहे. चार महिन्यांपूर्वी मी ते तुम्हाला सांगितलं होतं. पण तेव्हा उभ्या उभ्या सांगितलं होतं, आणि खरं सांगितलं नव्हतं.

बसून सांगायचं, हा तुमचा नियम आम्हा पाच नव्या डॉक्टरांना पाठ होता. रविवारी दुपारी शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या तुमच्या दवाखान्यात आमची शाळा भरायची. कॉलेजात आम्ही म्हशीच्या पोटातलं आडवं वासरू कसं फिरवायचं ते शिकलो होतो. म्हैस मेली तर मालकाच्या तोंडाकडे बघून काय बोलायचं, ते कोणी शिकवलं नव्हतं. दवाखान्याची जागा कशी निवडायची, भाडं किती परवडतं, फी किती आणि कधी सांगायची, नाही कसं म्हणायचं, हे तर कोणाच्या गावीच नव्हतं. तुम्ही म्हणायचात, "मी हे वीस वर्षं चुकत चुकत शिकलो. तुम्ही रविवारी शिका. चहा माझा."

तुम्ही शिकवत नव्हता, नाटक करत होता. उशी काखेत धरायची, काकूंची ओढणी डोक्यावर घ्यायची, की झाली कॅम्प चारमधली पॉमेरेनियनवाली शेठाणी. "डॉक्टर, तुम तो घर की बच्ची हो, साईं. घर में कोई फीस लेता है क्या?" मला हसू आवरायचं नाही. मी उशीकडे बघत म्हटलं, "राहू द्या, काकी." तुम्ही ती उशी माझ्या अंगावर फेकलीत. "गेली. ह्या महिन्याचं खोलीचं भाडं गेलं तुझं. उशीकडे काय बघतेस? उशी फी देणारे का? माझ्याकडे बघ. आणि लक्षात ठेव, भीड ही भिकेची बहीण."

ही म्हण मी तुमच्या तोंडून शंभरदा ऐकली असेल. मला वाटायचं, ती फक्त फीबद्दल आहे.

माझा दवाखाना तुम्ही उभा केलात असं म्हटलं तर चुकीचं होईल, पण पडू दिला नाहीत हे खरं. मी पाटीवर 'लेडी डॉक्टर' लिहायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, "अगं वेडे, बायका दिवस गेलेत का बघायला येतील." तो शब्द गाळला, तरी दोघी आल्याच. सुरुवातीला लोक यायचे आणि मला विचारायचे, "डॉक्टर कधी येणारेत?" मी रडकुंडीला येऊन तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत, "तेव्हा तू काय करत होतीस?" म्हटलं, टेबलाशी उभी होते. "मग बरोबर आहे. उभा असतो तो कंपाउंडर. बस खुर्चीत." आणि दुसऱ्याच दिवशी ही खुर्ची आली.

वाईट बातमीचा नियमही खुर्चीचाच. "जनावर गेलं की दारातून ओरडायचं नाही. हात धुवायचे. बाहेर यायचं. खुर्ची ओढायची, माणसासमोर बसायचं आणि मग सांगायचं. जो उभ्याने सांगतो ना, त्याला पळायचं असतं." आम्ही त्याचीही तालीम करायचो. तुम्ही मालक व्हायचात आणि आम्ही एकेक जण खुर्ची ओढून तुम्हाला सांगायचो की तुमचं जनावर गेलं. तुम्ही दर वेळी वेगळं वागायचात. कधी शिव्या, कधी रडणं, एकदा तर नुसतं गप्प बसून राहिलात दहा मिनिटं. तेच सगळ्यात अवघड गेलं.

पण ज्यावरून आपलं खरं वाजलं, ते बिल. आपल्या ह्या पट्ट्यात तबेल्यापासून बंगल्यापर्यंत एकच रीत: जनावर गेलं की बिल गेलं. मालक म्हणतो, "म्हैस तर मेली, आता पैसे कसले?" आणि डॉक्टर मान खाली घालून बॅग उचलतो. तुम्हाला ते मान्य नव्हतं. मी तुमच्याशी हुज्जत घालायचे. समोर माणूस रडतोय आणि मी त्याच्या हातात कागद देऊ? तुम्ही म्हणायचात, "देऊ नकोस आज. उद्या दे. हवं तर शून्य रुपयाचं दे. पण लिही. बिल म्हणजे पैसे मागायचा कागद नाही. आपण काय काय केलं, काय टोचलं, किती टोचलं, ते लिहून खाली सही करायचा कागद. जो मेलेल्याचं बिल लिहीत नाही, त्याला काहीतरी लिहायचं नसतं."

मला तेव्हा ते फार कठोर वाटायचं. मी एकदा तोंडावर म्हटलं सुद्धा, "सर, तुम्ही वाण्यासारखं बोलता." पुढचे दोन रविवार तुम्ही मला चहा विचारला नाहीत.

मग तो वांगणीचा दिवस. फार्महाऊसवरची गाय, वासरू अडकलेलं, आपण दोघं तीन तास खपलो. वासरू आधीच गेलं होतं, मागून गायही गेली. तुम्ही हात धुतलेत, खुर्ची मागितलीत. तिथल्या मॅनेजरने खुर्ची आणली नाही. तो म्हणाला, "गाय तर मेली, आता कसली फी? जाता जाता तेवढी ओढायला कोणी माणसं बघून द्या. तुमच्या ओळखीत असतीलच." त्याला तुमचं आडनाव ठाऊक होतं.  तुम्ही स्कूटरच्या सीटवर वही ठेवून बिल लिहिलंत, सही केलीत, त्याच्या हातात दिलंत.

परत येताना वाटेत तुम्ही स्कूटर बाजूला घेतलीत आणि पाणी प्यायलात. म्हणालात, "माझा आजा गावची मेलेली जनावरं ओढायचा. पैसे नव्हते. वर त्याला हक्क म्हणायचे. छप्पन साली माझ्या बापाने ती दोरी टाकली. हा आज परत माझ्या हातात द्यायला बघत होता." आणि मग नेहमीच्या आवाजात, "चल, उशीर होतोय."

सर, मी वांगणीचीच. शेतकऱ्याच्या घरातली. माझ्या आजोबांच्या गोष्टीत बैल मेला की 'कोणीतरी' येऊन त्याला ओढून न्यायचं. ते कोणीतरी कोण, त्याचं पुढे काय, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मागच्या सीटवर बसून मला पहिल्यांदा त्याची लाज वाटली. तुम्हाला सांगितलं नाही. बिलावरून भांडणं मात्र त्या दिवसापासून बंद केलं. पटलं म्हणून नव्हे, तुम्हाला दुखवायचं नव्हतं म्हणून. बघा, तिथेही भीडच.

आता ठकी.

ती तुम्हाला शिवमंदिरामागच्या नाल्याशी सापडली होती, पाय मोडलेली. काकू म्हणायच्या, ह्यांना मुलगी हवी होती, ती उतारवयात चार पायांवर आली. काळी, एक कान खाली पडलेला, रविवारच्या शाळेत बरोबर मध्यभागी पसरायची. आम्ही तिला ओलांडून ये-जा करायचो आणि ती डोळा सुद्धा उघडायची नाही.

त्या शनिवारी सकाळी तुम्ही तिला काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळून रिक्षाने बदलापूरला आणलीत. गर्भाशयात पू झालेला, तुम्हीच निदान करून आला होता. तुमचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. अंबरनाथ, कल्याण, ठाणं, कुठेही नेता आलं असतं. तुमच्या ओळखीत माझ्यापेक्षा चांगल्या हाताचे चार जण होते. तुम्ही म्हणालात, "तूच कर." आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलात.

भुलीचं औषध वजनावर काढायचं असतं, हे मी तुम्हाला काय सांगणार. माझा वजनकाटा कोपऱ्यात होता आणि त्याच्यावर कुत्र्यांच्या खाद्याच्या सहा गोण्या होत्या. खाद्य ठेवायचा सल्ला तुमचाच. "दवाखाना औषधावर चालत नाही, खाद्यावर चालतो. ठेव चार गोण्या." मी सहा ठेवल्या. जागा एवढीशी, म्हणून काट्यावर रचल्या. तुम्ही दोनदा टोकलं होतंत, "काटा मोकळा ठेव." दोन्ही वेळा मी हो हो म्हटलं होतं.

त्या सकाळी त्या गोण्या उतरवायला मला पाच मिनिटं लागली असती. पण लादीवरून गोणी ओढली की आवाज होतो, आणि तुम्ही पडद्याच्या पलीकडे होता. तुम्हाला कळलं असतं की मी अजून काटा मोकळा केलेला नाही. मला त्याची लाज वाटली. एवढंच कारण, सर. दुसरं काही नाही.

तुम्ही ठकीचा जुना केसपेपर बरोबर आणला होता. त्यावर तुमच्या अक्षरात वजन लिहिलेलं: बावीस किलो. लस दिली तेव्हाचं, आठ महिन्यांपूर्वीचं. तुमच्या हातचा आकडा चुकीचा कसा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ती महिनाभर धड जेवली नव्हती, तिच्या फासळ्या माझ्या हाताला लागत होत्या. तरी मी बावीसचा हिशोब धरला आणि बावीसची भूल दिली.

चाकू लावायच्या आधीच तिचा श्वास थांबला. मी छाती दाबली, तोंडाने हवा दिली, होतं नव्हतं ते औषध टोचलं. किती वेळ, ते आठवत नाही. नंतर, सगळं संपल्यावर, मी गोण्या खाली ओढल्या. सहाच्या सहा. तिला उचलून काट्यावर ठेवलं. साडेसोळा.

मेल्यावर वजन कशाला केलं, ते मला आजही सांगता येत नाही. मला वाटतं, काटा बावीस दाखवेल अशी आशा होती.

आणि मग मी बाहेर आले. हातात मोजे तसेच. पडदा एका हाताने धरून, दारात उभी राहून म्हटलं, "सर, ठकी गेली. विष अंगभर भिनलं होतं. वय पण झालं होतं." तुमच्या शेजारी रिकामी खुर्ची होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, खुर्चीकडे बघितलंत, परत माझ्याकडे. म्हणालात, "बरं."

थोड्या वेळाने म्हणालात, "बिल कर."

"सर, तुमच्याकडून कसले पैसे घेऊ?"

"पैशाचं नाही म्हणत. बिल कर. काय काय दिलंस ते लिही."

"सर, मला लाजवू नका."

"लिही, बाई." एवढ्या हळू आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हता.

मी रडायला लागले. आणि त्या रडण्याच्या आड लपले. तुम्ही उठलात, "फुकट नको मला," म्हणालात. ठकीला साडीत घेतलंत. मी पुढे झाले तर मान हलवून नको म्हटलंत. रिक्षावाल्याने दुसरी बाजू धरली. बाकावर तुम्ही पाचशेची नोट ठेवून गेला होता. ती मी अजून मोडलेली नाही.

त्यानंतर मी रविवारी आले नाही. एकदा लसीकरणाचं शिबिर, एकदा नणंदेचं लग्न, एकदा अंगात कणकण. बाकीचे चौघे येत होते, मला फोनवर सगळं सांगायचे. तुम्ही नाटकं करायचं बंद केलं होतंत म्हणे. एकदा तुमचा फोन आला. "रविवारी येतेस का?" मी म्हटलं, "बघते सर." तुम्हाला 'बघते' चालायचं नाही. "बघते म्हणणाऱ्या डॉक्टरकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. हो की नाही ते सांग." मी हो म्हटलं आणि आले नाही.

खरं सांगते, मला तुमचा रागही येत होता. अजून येतो. विचारायचं होतं ना सरळ. आमच्या एवढ्या परीक्षा घेतल्यात, एकदा समोर बसवून, किती भूल दिलीस, एवढंच विचारायचं होतं. मी सांगितलं असतं. कदाचित खोटंही सांगितलं असतं. पण तुम्ही मास्तरच्या मास्तर राहिलात, उत्तर येईपर्यंत फळ्यापासून हलायचं नाही. तुमच्याकडे तेवढा वेळ आहे, असं तुम्हाला वाटलं. मलाही वाटलं. दर सोमवारी मी ठरवायचे, ह्या रविवारी जाऊ आणि बोलू. आणि एका बुधवारी सकाळी काकूंचा फोन आला.

परवा हॉलमध्ये वंदना झाली. सगळे पांढऱ्या कपड्यांत, पुढे तुमचा फोटो, तोही खुर्चीतला. मग लोक बोलायला उठले. मला बोलावलं. मी उभी राहिले आणि पाटीची गोष्ट सांगितली, उशीची सांगितली, शेठाणीची नक्कल केली. लोक हसले, काही जणी डोळे पुसत हसल्या. कोणीतरी म्हणालं, सरांची खरी वारस. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी परत एकदा उभ्या उभ्या बोलले होते, आणि परत छान बोलले होते.

सगळे जेवायला गेल्यावर काकू मला तुमच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. खुर्च्या भिंतीला लावून ठेवलेल्या, पण एक मध्ये तशीच होती, तुमच्या खुर्चीसमोर. काकू म्हणाल्या, "बस." मी बसले.

"मला तुझा राग आहे," काकू म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. ठकीसाठी नाही. हे दर रविवारी वाट बघायचे म्हणून. सगळे गेले तरी ही एक खुर्ची उचलू द्यायचे नाहीत. मी म्हणायची, अहो, नाही यायची ती. हे म्हणायचे, येईल, तिला सांगायचंय."

मी विचारलं, "काय सांगायचंय?"

"ते मला नाही सांगितलं. पण त्या दिवशी ठकीला पुरून आले ना, तेव्हा हात धुता धुता म्हणाले, मी बाहेर बसलो होतो, ती आत गेल्यावर गोण्या ओढल्याचा आवाज आला नाही. शेवटी आला. खूप वेळाने आला. मग ती बाहेर आली आणि उभ्यानेच सांगितलं पोरीने."

सर, म्हणजे तुम्हाला बाकावर बसल्या बसल्या सगळं कळलं होतं. बिल मागितलंत ते मला पकडायला नव्हे. एक कागद पुढे केला होतात, की तोंडाने नाही जमत तर लिही. ठकीला मांडीवर घेऊन रिक्षात बसलेल्या माणसाने माझ्यासाठी वाट मोकळी ठेवली होती, आणि चार महिने ठेवली. मी मात्र नणंदेचं लग्न सांगत राहिले.

आज सकाळी मी काटा मोकळा केला. गोण्या बाहेर बाकाखाली ठेवल्यात, भिजल्या तर भिजू देत. मग बिलबुक काढलं आणि लिहिलं. जनावर: कुत्री, ठकी. वय: अंदाजे नऊ. आजार: गर्भाशयात पू. वजन: केलं नाही, जुन्या कागदावरून बावीस किलो धरलं. भूल: बावीस किलोची. मृत्यूनंतर केलेलं वजन: साडेसोळा किलो. मृत्यूचं कारण: भूल जास्त झाली. फी: शून्य. जमा: पाचशे. परत देणे: पाचशे. खाली सही केली, पूर्ण नावाची. अक्षर वाचता येतंय.

हे तुमच्या हातात द्यायचं होतं. आता काकूंच्या हातात देईन, नोटेसकट. समोर बसून देईन, आणि काय लिहिलंय ते माझ्या तोंडाने वाचून दाखवेन, त्यांच्याकडे बघून. त्या काय म्हणतील ते म्हणोत. कदाचित तुमच्यासारख्या गप्प बसतील.

रविवारी येते, सर. बघते नाही म्हणत. काकूंना विचारलंय, खुर्ची अजून तिथेच आहे.